आधी तारा मोजा, पेटी शेवटी घ्या

घरी मोटारीचं कंट्रोल पॅनेल बांधायचं ठरलं की बहुतेक जण आधी पेटी घेऊन येतात. दुकानात ४०० बाय ३०० मिमीची राखाडी पेटी दिसते, किंमत परवडते, आणि मग त्या पेटीत सामान कोंबायचं काम सुरू होतं. विहिरीवरची पाच एचपी थ्री-फेज पाणबुडी मोटार आणि ठिबकचे चार व्हॉल्व्ह यांचं पॅनेल आम्ही घरी बांधलं, तेव्हा क्रम मुद्दाम उलटा धरला. आधी बाहेरून येणाऱ्या तारा मोजल्या. त्यावरून टर्मिनल (तारा जोडायचे ठोकळे) ठरली, टर्मिनलवरून रेल (सामान अडकवायची पट्टी), रेलवरून प्लेट (पेटीतला पत्रा, ज्यावर रेल बसते), आणि सगळ्यात शेवटी पेटी. कॉन्टॅक्टर (मोटारीचा पुरवठा जोडणारा-तोडणारा, कॉइलने ओढला जाणारा स्विच) कोणत्या कंपनीचा यावर लोक तासभर वाद घालतात. पण शेतावरची पॅनेलं उघडून पाहिली तर जळालेलं असतं ते टर्मिनल, सुटलेला असतो तो लग (तारेच्या टोकाला दाबायची टोपी), आणि पाल शिरलेली असते ती ग्लँडच्या (केबल पेटीत शिरते तिथल्या कड्याच्या) मोकळ्या भोकातून. म्हणून इथे जास्त लिहितो ते या स्वस्त सामानाबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. पॅनेल टेबलावर बांधणं हे आपलं काम. पोलवरून येणारी केबल जोडणं, मीटरपाशी हात घालणं हे परवानाधारक वायरमनचं काम. तिथे शहाणपणा करू नये.

कंट्रोलचा व्होल्टेज आधी ठरवा

कॉइल, बटणं, रिले किती व्होल्टवर चालवायची हा निर्णय रेल आणि चॅनेल (तारा झाकायची पन्हळ) यांच्या आधी घ्यावा लागतो, कारण निम्मं सामान यावर ठरतं. साध्या डीओएल (मोटार थेट लाईनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये कॉइल दोन फेजवर चालते. शेतीपंपाच्या स्टार्टरसाठी २०० ते ४०० व्होल्ट असा रुंद पट्टा घेणारी कॉइलही मिळते, आणि फक्त हिरवं-लाल बटण असेल तर ती उत्तमच. पण विहिरीतली पातळी सांगणारे इलेक्ट्रोड, फिल्टरजवळचा प्रेशर स्विच, ठिबकचा कंट्रोलर असं काही जोडायचं असेल, तर तेच ४१५ व्होल्ट या सगळ्यांतून फिरतात. छोट्या रिलेचे आणि प्रेशर स्विचचे कॉन्टॅक्ट सहसा २५० व्होल्टचे असतात. शिवाय विहिरीच्या काठावर, ओल्या हाताने कुणी स्विच हलवणार असेल तिथे ४१५ व्होल्ट नेणं मला अजिबात मान्य नाही.

फेज-न्यूट्रलवर २३० व्होल्ट घ्यावेत तर शेतावरच्या न्यूट्रलचा भरवसा नसतो. न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी कितीही येऊ शकतात आणि टायमर, कंट्रोलर एका झटक्यात जातात. म्हणून दोन फेजवर चालणारा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घेतला: प्रायमरीला (लाईनच्या बाजूला) ३८०, ४०० आणि ४१५ चे टॅप (तार जोडायच्या वेगवेगळ्या जागा), सेकंडरीला (कंट्रोलच्या बाजूला) २४ व्होल्ट एसी, क्षमता १५० व्हीए. कॉन्टॅक्टरची कॉइल, टायमर, लेव्हल रिले, दिवे, ठिबकचे व्हॉल्व्ह, सगळं २४ व्होल्ट एसीवर. कंट्रोलरही २४ व्होल्ट एसी घेणाराच निवडला.

टॅप कोणता धरायचा ते गणित करून बघा. कॉन्टॅक्टर आपल्या ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांत नीट ओढतो. म्हणजे २४ च्या कॉइलला किमान २०.४ आणि जास्तीत जास्त २६.४ व्होल्ट. लाईन पडून ३४० झाली तर ४१५ च्या टॅपवर सेकंडरीला १९.७ येतात, कॉन्टॅक्टर थरथरतो, कॉन्टॅक्ट ठिणग्या मारत जळतात. ३८० च्या टॅपवर ३४० ला २१.५ मिळतात, पण रात्री लाईन ४३० झाली की २७.२ होतात आणि कॉइल तापते. ४०० च्या टॅपवर ३४० ला बरोबर २०.४ आणि ४३० ला २५.८. आम्ही तोच धरला. आपल्या विहिरीवर दिवसा आणि रात्री किती व्होल्ट असतात ते मीटरने मोजून मगच टॅप ठरवा.

क्षमता १५० व्हीए का, तर कॉन्टॅक्टर ओढतानाच्या क्षणी कॉइलला साठ-सत्तर व्हीए लागतात, धरून ठेवायला मात्र सात-आठच. त्याच क्षणी दोन व्हॉल्व्ह उघडत असतील तर ५०-६० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर दबतो, व्होल्टेज खाली येतो आणि पुन्हा तीच थरथर.

स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून इथे २४ व्होल्ट डीसीचा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) लावायचा मोह होतो. ठिबकचे बहुतेक सोलेनॉइड एसीचे असतात. एसीवर त्यांना धरून ठेवायला पाव अँपिअरच्या आसपास करंट लागतो. डीसीवर फक्त तारेचा रोध उरतो. तो तीस ओहमच्या आसपास असेल तर करंट पाऊण अँपिअरच्या पुढे जातो आणि कॉइल काही वेळात वितळते.

सेकंडरीचं एक टोक अर्थला जोडायचं आणि सगळ्या कॉइलचं एक टोक थेट त्याच बाजूला ठेवायचं. स्विच, रिले कॉन्टॅक्ट, बटणं ही सगळी दुसऱ्या बाजूला. असं केलं की शेतातली एखादी तार सोलून मातीला लागली तर फ्यूज उडतो. उलट केलं तर तीच सोललेली तार कॉइलचा रस्ता पुरा करते आणि मोटार कुणी न सांगता सुरू होते.

तारा मोजणं

कागदावर पॅनेलच्या बाहेरून येणारी प्रत्येक तार लिहून काढली. पोलकडून तीन फेज, न्यूट्रल, अर्थ. मोटारीकडे तीन तारा आणि अर्थ. लेव्हलचे इलेक्ट्रोड तीन, प्रेशर स्विचच्या दोन, कंट्रोलरला पुरवठ्याच्या दोन, कंट्रोलरकडून पंप सुरू करायची एक, व्हॉल्व्हच्या चार आणि कॉमनच्या दोन. कंट्रोलच्या चौदा झाल्या, वर चार मोकळी टर्मिनल ठेवली. ही मोकळी टर्मिनल चैनीची नाहीत. पुढच्या हंगामात पाचवा व्हॉल्व्ह आला की ती नसलेल्या पॅनेलमध्ये एका टर्मिनलमध्ये तीन-तीन तारा घुसवलेल्या दिसतात.

इनकमिंगला १० स्क्वेअरचं (म्हणजे १० चौरस मिमीच्या तारेचं) टर्मिनल, रुंदी सुमारे १० मिमी. मोटारीला ६ स्क्वेअरचं, ८ मिमी. कंट्रोलला ४ स्क्वेअरचं, ६ मिमी. कंट्रोलला अडीच स्क्वेअरची टर्मिनल पुरली असती, पण शेतातून येणारी केबल जाड इन्सुलेशनची असते आणि पाच मिमी रुंदीत दोन तारा शेजारी-शेजारी घालताना बोटं अडखळतात. बेरीज अशी: इनकमिंग अर्थसह ५०, मोटार अर्थसह ३२, कंट्रोल १०८, गटागटांमधले एंड क्लॅम्प ४०, एंड प्लेट वगैरे १०. एकूण २४० मिमी. रेल ३०० मिमीची धरली.

वरच्या ओळीत चार पोल एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारी), सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा), चार पोल आरसीसीबी (करंट अर्थला गळला की पडणारी). यांचा प्रत्येक पोल १८ मिमीचा, म्हणजे प्रत्येकी ७२. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला दोन पोल ३६, सेकंडरीला एक पोल १८. एकूण २७०, दोन क्लॅम्प धरून २९०. मधल्या ओळीत कॉन्टॅक्टर ४५, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) ३६, लेव्हल रिले ३६, टायमर १८, दोन छोटे रिले मिळून ३२, आणि शेजारी ट्रान्सफॉर्मर १००. तीही ओळ ३०० च्या आत.

उंचीत मात्र लोक फसतात. कॉन्टॅक्टर दिसतो लहान, पण त्याच्या खाली ओव्हरलोड रिले (मोटारीने जास्त करंट घेतला की ती बंद करणारी) लटकते. दोन्ही मिळून १५५ मिमीच्या आसपास जागा घेतात. तारा वळवायला कॉन्टॅक्टरच्या वर-खाली ४० मिमी, एमसीबीच्या वर-खाली ३० मिमी तरी हवेत. तीन चॅनेल ४५, ६० आणि ६० मिमीचे. टर्मिनलच्या खाली केबल सोलून पसरवायला १०० मिमी. सगळं जोडून ७३० मिमी झाले. दोन्ही बाजूंचे उभे चॅनेल धरून रुंदी ४०० च्या जरा खाली. प्लेट साधारणपणे पेटीपेक्षा ५० मिमी लहान असते. तेव्हा ८०० बाय ६०० बाय २५० ची पेटी घेतली. ५०० रुंदीची मिळाली असती तरी चालली असती, पण जागा उरली तर नुकसान काहीच नाही, उलट आत धग कमी साठते. पाच एचपीसाठी एवढी मोठी पेटी पाहून लोक नवल करतात. त्यांच्या ४०० बाय ३०० च्या पेटीचं दार बंद करताना तारा दाबाव्या लागतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

खोली २५० घेण्याचं कारण दारावरचे स्विच. २२.५ मिमीच्या भोकात बसणाऱ्या सिलेक्टर स्विचचा कॉन्टॅक्ट ब्लॉक, त्यात घुसलेली तार आणि तिचं वळण हे सगळं आतल्या बाजूला सत्तर-ऐंशी मिमी येतं. समोर कॉन्टॅक्टर प्लेटपासून शंभर मिमी पुढे आलेला असतो.

पेटी, प्लेट आणि रेल

पेटी लोखंडी पत्र्याची, पावडर कोटिंगची, दाराला रबरी पट्टी असलेली, आयपी ५५ (धूळ-पाणी आत न येण्याचं मानांकन) किंवा वरची. खाली सुटी होणारी ग्लँड प्लेट हवीच. प्लास्टिकची पेटी गंजत नाही, पण विहिरीवर उन्हात काही वर्षांत ठिसूळ होते आणि ट्रान्सफॉर्मरचं वजन तिच्या प्लेटला झेपत नाही. आतली प्लेट नारिंगी रंगाची मिळते किंवा जस्ताची. जस्ताची घ्या. रंगीत प्लेटवर रेल आवळली तरी मध्ये रंगाचा थर राहतो, आणि अर्थचं टर्मिनल रेलवर बसवलं म्हणून रेल अर्थ झाली असं होत नाही. रंगीतच मिळाली तर प्रत्येक अर्थ-जागी रंग खरवडून खाली दातेरी वॉशर घाला.

रेल ३५ मिमी रुंद, ७.५ मिमी उंच, एक मिमी जाड लोखंडी, खाचा असलेली. दिसायला तशीच ॲल्युमिनियमची रेल हलकी असते, कापायला सोपी असते, पण कॉन्टॅक्टर दिवसातून कित्येकदा धाडकन ओढतो आणि पातळ रेल वाकत जाते. मग क्लिप सैल होते आणि आवाज वाढतो. टर्मिनलच्या ओळीसाठी १५ मिमी उंचीची रेल घेतली, म्हणजे खालून तारा घालताना बोटं जातात. रेलला दर १५० ते २०० मिमीवर स्क्रू हवा. फक्त दोन टोकांना स्क्रू मारलेली रेल मध्ये उचलली जाते.

प्लेट पेटीतून बाहेर काढून, सगळी भोकं मारून, आटे पाडून, घासून, पुसून मगच त्यावर सामान चढवा. एम ४ च्या आट्याला ३.३ मिमीचं ड्रिल, एम ५ ला ४.२. दोन मिमीच्या प्लेटमध्ये आट्याचे दोन-तीनच वेढे मिळतात, रेलला ते पुरतात. ट्रान्सफॉर्मर दोन किलोंच्या वर असतो. त्याला आरपार बोल्ट, मागून नट आणि स्प्रिंग वॉशर. सामान बसल्यावर ड्रिल चालवलं तर लोखंडाचा बारीक कीस एमसीबीच्या आणि कॉन्टॅक्टरच्या फटीत जातो, आणि तो कधी शॉर्ट करेल ते सांगता येत नाही. दाराची २२.५ ची भोकंसुद्धा आधीच पाडून घ्या.

चॅनेल

खाचांचा पीव्हीसी चॅनेल दोन मीटरच्या लांबीत मिळतो. ४५ बाय ६० च्या चॅनेलचं क्षेत्रफळ २७०० चौरस मिमी, एक स्क्वेअरच्या तारेचा बाहेरचा व्यास तीन मिमीच्या आसपास. साठ टक्के भरला तरी शंभराच्या वर तारा मावतात. आपल्या पॅनेलमध्ये त्या कधीच होणार नाहीत. तरीही २५ मिमीचा अरुंद चॅनेल घेऊ नका. दुरुस्तीला आलेल्या माणसाला तारेचा माग काढायला बोट घालता आलं पाहिजे, आणि ते २५ मध्ये जात नाही.

चॅनेल बसवायला टोकदार पत्र्याचे स्क्रू वापरू नका. बुटक्या डोक्याचा एम ४ आणि मोठा वॉशर, किंवा नायलॉनचे रिव्हेट. कापलेल्या टोकाची धार कानशीने मोडा, नाहीतर तारेचं इन्सुलेशन तिथेच सोलतं. एका उभ्या चॅनेलमध्ये फक्त ४१५ व्होल्टच्या तारा आणि दुसऱ्यात फक्त २४ च्या. कुठे ओलांडायची वेळ आली तर काटकोनात.

तारा आणि लग

मोटारीच्या नावपाटीवर ८.५ अँपिअर होते. पॅनेलच्या आत त्यासाठी अडीच स्क्वेअरची बहुतारी तांब्याची तार पुरते, कंट्रोलला एक स्क्वेअर. बाहेरची केबल करंटवर नाही तर व्होल्टेज किती पडतो यावर ठरवायची. अडीच स्क्वेअरचा रोध किलोमीटरला आठ ओहमच्या आसपास. १०० मीटर लांबी, नऊ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर दहा व्होल्ट पडतात. चार स्क्वेअरला सहा. लाईन आधीच पडलेली असते तिथे हे चार व्होल्ट महत्त्वाचे, म्हणून विहीर लांब असेल तर चार स्क्वेअर घ्या.

रंग लाल, पिवळा, निळा फेजला, काळा न्यूट्रलला, हिरवा-पिवळा फक्त अर्थला. २४ व्होल्टला राखाडी धरला, म्हणजे दार उघडताच कुठे हात लावायचा नाही ते कळतं.

बहुतारी तार थेट स्क्रूखाली दाबू नका. अर्ध्या बारीक तारा बाजूला पसरतात, उरलेल्यांवर सगळा करंट जातो, जागा तापते. डाग देऊन टोक घट्ट करणं त्याहून वाईट: शिसं-कथिलाचा थर दाबाखाली हळूहळू पसरत राहतो आणि आवळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. पिन लग वापरा, आणि तो तारेच्या मापाचाच. लगच्या रंगावर जाऊ नका. रंगांच्या एकाहून अधिक पद्धती आहेत, एका पाकिटातला निळा दुसऱ्या पाकिटात वेगळ्या मापाचा निघतो. पाकिटावरचा आकडा वाचा. एका टर्मिनलमध्ये दोन तारा घालायच्याच असतील तर जोड-पिन लग येतो, तो घ्या. अर्थच्या बोल्टला रिंग लग. तिथे काटा लग नको, बोल्ट सैल झाला की तो निसटतो.

क्रिम्पिंगचं हत्यार दाब पुरा झाल्याशिवाय न उघडणारं, म्हणजे रॅचेटचं घ्या. पकडीने चेपलेला लग ओढला की हातात येतो. प्रत्येक लग दाबल्यावर तार जोरात ओढून बघायची, एकही न वगळता. आणि नंबराची फेरूल (तारेवर बसणारी छोटी नळी) लग दाबायच्या आधी तारेवर ओवायची. दोन्ही टोकांना एकच नंबर, आणि तोच नंबर कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये.

पोलवरून येणारी केबल पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते. ती तांब्या-पितळेच्या टर्मिनलमध्ये सरळ घातली तर ॲल्युमिनियम दाबाखाली पसरतं, वर ऑक्साइड धरतं, आणि उन्हाळ्यात तेच टर्मिनल काळं पडतं. इनकमिंगचं टर्मिनल बोल्टाचं घ्या आणि केबलला ॲल्युमिनियम-तांबं असा दुहेरी धातूचा लग लावा.

टर्मिनल स्क्रूचं की स्प्रिंगचं? कारखान्यात स्प्रिंगचं चांगलं, थरथरीत सुटत नाही. शेतावर आम्ही स्क्रूचंच घेतलं. रात्री मोटार बंद पडली तर येणाऱ्या माणसाच्या खिशात टेस्टर असतो, आणि तेवढ्यावर काम झालं पाहिजे. फक्त व्हॉल्व्हच्या फांदीसाठी दोन अँपिअरचं फ्यूज-टर्मिनल घेतलं. व्हॉल्व्हच्या तारा शेतात मातीखालून जातात, कुदळ लागणारच. तेव्हा त्या फांदीपुरता फ्यूज गेला पाहिजे, मोटारीचा कंट्रोल नाही.

संरक्षणाचं सामान, थोडक्यात

मोटारीच्या एमसीबीला डी-कर्व्ह (क्षणभराचा मोठा झटका सहन करणारी), १६ अँपिअर. सुरू होताना मोटार सहा-सात पट करंट घेते आणि पहिल्या क्षणीचा झटका त्याहून मोठा असतो. सी-कर्व्ह कधीमधी विनाकारण पडते. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीलाही डी-कर्व्ह, २ अँपिअर, कारण तोही चालू होताना झटका घेतो. सेकंडरीला ६ अँपिअर. एमसीबीचं मापन ३० अंशांवर केलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पेटीत पन्नास-पंचावन्न सहज होतात आणि चिकटून बसवलेल्या एमसीबी लवकर पडतात. पेटीवर पत्र्याची सावली करा, पश्चिमेचं ऊन दारावर येऊ देऊ नका.

कॉन्टॅक्टर एसी-३ (मोटारीच्या) गटात १८ अँपिअरचा. नऊचा कसाबसा चालला असता, पण पडत्या व्होल्टेजमध्ये कॉन्टॅक्टवर ताण येतो, आणि दोघांची रुंदी सारखीच. ओव्हरलोड ६ ते १० ची, सेटिंग नावपाटीवरच्या ८.५ वर. ट्रिप होते म्हणून काटा पुढे सरकवणं म्हणजे मोटार जाळणं.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअर. पाण्याशी संबंध आहे, इथे तडजोड नको. वारंवार पडू लागली तर ती बदलू नका, केबलचा जॉइंट आणि वाइंडिंग मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासा. सर्ज अरेस्टर चार पोलचा, आरसीसीबीच्या आधी, आणि त्याची अर्थची तार अर्ध्या मीटरच्या आत, वेढे न घेता. अर्थिंगचा खड्डा नीट नसेल तर वळवाच्या विजेत अरेस्टर नुसता शोभेचा राहतो.

लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून लोक ऑटो स्विच लावून ठेवतात. एका डीपीवरच्या (शेतीला पुरवठा करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डीपी जळतो. महावितरण ऑटो स्विच लावू नका, कॅपॅसिटर लावा असं वारंवार सांगतं ते याचसाठी. आम्ही सिंगल फेज प्रिव्हेंटरच्या पुढे दहा मिनिटांपर्यंत उशीर देणारा टायमर टाकला. शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाने वेगळा वेळ लावला तर डीपीही वाचतो आणि व्होल्टेजही फारसा खाली येत नाही. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर, तो या पेटीत नको; तापतो, फुगतो, फुटतो. बाजूला वेगळ्या डब्यात ठेवा. ओव्हरलोडच्या पुढे जोडला तर ओव्हरलोडमधून जाणारा करंट कमी होतो. तेव्हा मोटार पूर्ण भारावर चालवून टाँग टेस्टरने (तारेभोवती अडकवायच्या करंट मीटरने) ओव्हरलोडच्या आधीचा करंट मोजा आणि सेटिंग तेवढं खाली आणा.

ग्लँड आणि दार

पाणबुडीची केबल चपटी असते आणि ग्लँडचं भोक गोल. कितीही आवळला तरी दोन बाजूंना फट राहते. त्यातून मुंग्या, गोमा, पाली आत येतात, आणि पाल दोन फेजवर आडवी झाली की काय होतं ते बहुतेकांनी पाहिलं आहे. चपट्या केबलसाठी चपट्या भोकाचं रबर असलेला ग्लँड मिळतो. नाही मिळाला तर विहिरीपाशी जंक्शन बॉक्स लावून तिथून पॅनेलपर्यंत गोल केबल आणा. ग्लँडचं माप केबलच्या बाहेरच्या व्यासावर ठरतं, स्क्वेअरवर नाही. व्हर्नियरने मोजून दुकानात जा. सगळे ग्लँड खालच्या प्लेटवर, वरून एकही नाही. जास्तीचं भोक पडलं असेल तर रबरी बूच किंवा आंधळा ग्लँड. कापूस, एमसील, प्लास्टिकची पिशवी नको.

दाराला वेगळी अर्थची तार हवी, बिजागरीवर भिस्त ठेवू नका. दारावर जाणाऱ्या तारा एका जुडग्यात, स्पायरलमध्ये, बिजागरीच्या कडेने उभ्या, दार पूर्ण उघडल्यावरही ताण येणार नाही इतक्या लांब. जुडग्याची दोन्ही टोकं स्क्रूने बसवलेल्या बेसला बांधा. चिकटवायचे बेस पहिल्याच उन्हाळ्यात सुटतात आणि जुडगं कॉन्टॅक्टरवर लोंबकळतं.

सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत एका फेरीत मिळतं. तालुक्याला कॉन्टॅक्टर आणि एमसीबी मिळतात, पण एंड क्लॅम्प, फ्यूज-टर्मिनल, २४ व्होल्टची कॉइल हमखास अडते. कॉइल आणि टायमर एकेक जास्तीचा घ्या.

लाईन देण्याआधी

मेगर ५०० व्होल्टचा, आणि तो लावण्याआधी सर्ज अरेस्टर, सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ट्रान्सफॉर्मर सोडवून ठेवा, नाहीतर ते सामान जातं आणि वाचनही खोटं येतं. फेज-फेज आणि फेज-अर्थ एक मेगाओहमच्या वर हवं. नव्या पॅनेलमध्ये ते कितीतरी जास्त येतं. नंतर मोटारीच्या तारा टर्मिनलवरून सोडून फक्त कंट्रोल चालू करायचा. तिन्ही इलेक्ट्रोड पाण्याच्या बादलीत खाली-वर करून कॉन्टॅक्टर सुटतो का पाहा. एक फेज काढून प्रिव्हेंटर सोडतो का पाहा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. दाबूनही पडली नाही तर आधी न्यूट्रल जोडलाय का ते तपासा, कारण बहुतेक चार पोलच्या आरसीसीबीत ते बटण न्यूट्रल आणि एका फेजच्या मध्ये असतं.

मग मोटार जोडा, फिरण्याची दिशा बघा, तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने मोजून दाराच्या आत लिहून ठेवा. तासभर पूर्ण भारावर चालल्यावर लाईन बंद करून प्रत्येक पॉवर टर्मिनलला हाताची पाठ लावून पाहा. तिन्ही सारखी कोमट असली पाहिजेत. एक जास्त गरम लागलं तर लग पुन्हा दाबा, नुसता स्क्रू आवळू नका. महिन्याभराने सगळे पॉवर स्क्रू पुन्हा एकदा आवळायचे. एमसीबीला दोन न्यूटन-मीटरच्या आसपास, बाकीच्यांचा आकडा त्यांच्या अंगावर छापलेला असतो. त्यानंतर दर वर्षी, पावसाळ्याआधी. त्याच वेळी ड्रॉइंगची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या खिशात ठेवा, आणि सोबत दोन अँपिअरचे चार फ्यूज.